सिंहाच्या भुवया

मागच्या पावसाळ्यात सातवीच्या वर्गात मी फळ्यावर विषय लिहिला : ‘आवडता प्राणी, स्मरणचित्र’. स्मरणचित्र म्हणजे समोर काही ठेवायचं नाही, मोबाइलमध्ये बघायचं नाही, डोळ्यांत जे साठलंय ते कागदावर आणायचं. पंधरा मिनिटांनी एक मुलगा वही घेऊन टेबलापाशी आला. सिंह काढला होता. आयाळ झकास, जबडा थोडा मोठा, पुढचे पाय छान रोवलेले. फक्त डोळ्यांच्या वरचा कागद खोडून खोडून काळवंडला होता.

“मॅडम, सिंहाला भुवया असतात का?”

“नसतात रे. खऱ्या सिंहाला नसतात.”

“मग हा चिडलाय हे कसं दाखवू?”

मी सांगितलं, कान मागे घे, नाकावर आठ्या दे. तो जागेवर गेला, मान खाली घालून बराच वेळ बसला आणि तास संपताना चित्र दाखवायला आला तेव्हा त्यात दोन जाड, उतरत्या भुवया होत्या. चित्र मी फळ्याला लावलं. शेवटच्या बाकावरूनही तो सिंह चिडलेला दिसत होता.

जुने कार्टूनपट ‘खरे’ करून पुन्हा दाखवायची जी लाट गेली काही वर्षं चालू आहे, तिच्याबद्दल माझ्या मनात जे साचून राहिलं होतं, ते त्या पोराने एका वाक्यात विचारलं होतं.

लाट तशी जुनी आहे. डिस्नेने १९९६ मध्येच आपल्या डाल्मेशियन कुत्र्यांच्या गोष्टीवर खरे नट आणि खरी पिल्लं घेऊन चित्रपट केला होता. पण २०१० मध्ये ‘अ‍ॅलिस इन वंडरलँड’ने अब्ज डॉलरच्या वर कमाई केली आणि मग रांगच लागली. २०१५ मध्ये ‘सिंड्रेला’, २०१६ मध्ये ‘द जंगल बुक’, २०१७ मध्ये ‘ब्यूटी अँड द बीस्ट’. २०१९ या एकाच वर्षात ‘डम्बो’, ‘अलादीन’ आणि ‘द लायन किंग’. पुढे ‘मुलान’, ‘द लिटल मर्मेड’, आणि २०२५ मध्ये ‘स्नो व्हाइट’ आणि ‘लिलो अँड स्टिच’. कारण उघड आहे. ज्यांनी हे चित्रपट लहानपणी पाहिले ते आता आईबाप झालेत आणि तिकिटं तेच काढतात. मीही काढली.

तीच गोष्ट पुन्हा सांगण्याला माझी काहीच हरकत नाही. आपल्याकडे कीर्तनकार पिढ्यानपिढ्या तेच आख्यान लावतात आणि माणसं पुन्हा जाऊन बसतात. पण कीर्तनात गोष्ट जुनी असली तरी सांगणारा नव्याने समोर उभा असतो, त्याचा घसा, त्याचा हात, त्याची लकब दिसते. मला या नव्या चित्रपटांत तो सांगणारा सापडत नाही. माझी सगळी तक्रार एवढीच आहे, पण ती कुठून येते हे सांगायला मला माझ्या बाबांपासून सुरुवात करावी लागेल.

बाबा पेंटर होते. नागपुरात दुकानांचे बोर्ड रंगवायचे. किराणा, दवाखाना, सायकल स्टोअर्स, वकिलाच्या पाट्या. दोरीला खडू लावून फळ्यावर ताणायचे, मधोमध चिमटीत धरून सोडायचे, फट्‌ आवाज व्हायचा आणि सरळ पांढरी रेघ उमटायची. मग त्या रेघांमध्ये अक्षरं. मी हात लावायला गेले की म्हणायचे, “लिहू नको पोरी, काढ. बोर्डावर अक्षर लिहत नाहीत, काढतात.” आमच्या नागपुरात हिंदीच्या शेजारामुळे मुलं सर्रास ‘चित्र बनवलं’ म्हणतात. मी आजही वर्गात दुरुस्त करते. मराठीत चित्र काढतात. जे आत आहे ते बाहेर काढायचं असतं, म्हणून तो शब्द.

१९९३ मध्ये दूरदर्शनवर रविवारी सकाळी मोगली लागायचा. तो मुळात जपानी, निप्पॉन अ‍ॅनिमेशनने १९८९ मध्ये केलेली मालिका. आपल्याकडे तिला गुलझारांनी चड्डी घातलेल्या फुलाचं गाणं दिलं, विशाल भारद्वाजांनी चाल दिली, आणि शेरखानाला आवाज दिला नाना पाटेकरांनी. रविवारी बाबा कामावर जात नसत. चहाचा कप घेऊन आमच्यामागे खुर्चीवर बसायचे आणि आम्ही गोष्ट बघत असताना ते वेगळंच काही बघायचे. “नीट पाहा, लांडगा पळतोय पण मागचं झाड तेच ते परत येतंय. पैसे कमी असतील बिचाऱ्यांकडे. पण पळतोय ना?” पळत होता. आमच्या छातीत धडधडेपर्यंत पळत होता.

मालिका संपली की बाबा जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून त्यावर शेरखान काढायचे. टीव्ही बंद असायचा, समोर काही नसायचं. आधी पाठीची एक लांब रेघ, मानेपासून शेपटीच्या टोकापर्यंत एका दमात. मग खांदा. डोळे शेवटी. त्या पहिल्या रेघेतच कळायचं की वाघ आता उडी मारणार आहे. पट्टे नव्हते, मिश्या नव्हत्या, रंग नव्हता, तरी मी तो कागद रात्री उशाशी घेऊन झोपत नसे. मला खरंच भीती वाटायची.

डिस्नेचा १९६७ चा ‘द जंगल बुक’ मी फार उशिरा पाहिला, ए.टी.डी.ला, म्हणजे चित्रकला शिक्षकाच्या पदविकेला असताना, मैत्रिणीच्या कॉम्प्युटरवर, सीडी लावून. वॉल्ट डिस्ने यांनी स्वतः लक्ष घातलेला तो शेवटचा कार्टूनपट. १९६६ च्या डिसेंबरमध्ये ते गेले आणि चित्रपट पुढच्या वर्षी आला. शेरखान पहिल्यांदा येतो तिथे मी पॉज केलं, आणि पडद्याला नाक लावून बघत बसले. वाघाच्या कडेला पेन्सिलीच्या रेघा दिसत होत्या. एक नाही, दोन-तीन, एकमेकींना चिकटून, योग्य जागा शोधणाऱ्या. जबड्याखाली तर एक रेघ वाट चुकून थोडी बाहेर गेली होती आणि कोणी ती पुसली नव्हती.

याचं कारण मला नंतर कळलं. आधी अ‍ॅनिमेटरने कागदावर काढलेलं चित्र दुसरं कोणी शाईने पारदर्शक सेल्युलॉइडवर गिरवायचं. डिस्नेमध्ये हे काम बहुतेक बायका करायच्या आणि त्यांची शाईची रेघ फार सुरेख, एकसारखी असायची. हे काम महागाचंही होतं. १९६० च्या सुमारास झेरॉक्सचं तंत्र आलं आणि कागदावरची पेन्सिल थेट सेल्युलॉइडवर उमटवता यायला लागली. १९६१ चा डाल्मेशियनचा मूळ चित्रपट पूर्णपणे असा केला. पैसे वाचवायला आणलेली युक्ती, पण तिच्यामुळे मिल्ट काल या अ‍ॅनिमेटरचा हात मला, नागपुरात, चाळीस वर्षांनी, वाघाच्या पाठीवर दिसला. बाबांच्या उलट्या कॅलेंडरवर दिसायचा तसाच.

खरं जनावर समोर ठेवून शिकायची पद्धत त्यांच्याकडे होतीच. १९४२ च्या ‘बॅम्बी’साठी स्टुडिओत हरणाची पाडसं आणली होती, १९९४ च्या ‘द लायन किंग’साठी सिंह आणला होता. अ‍ॅनिमेटर समोर बसून त्याची हाडं, सांधे, चाल कागदावर उतरवत. ‘बॅम्बी’वर काम केलेले क्लेअर वीक्स १९५६ मध्ये मुंबईला आले आणि सरकारी फिल्म्स डिव्हिजनच्या नव्या कार्टून विभागात त्यांनी आपल्याकडच्या मुलांना हेच शिकवलं. राम मोहन त्यातलेच. आपल्या देशातल्या अ‍ॅनिमेशनचा पाया त्या वर्गात घातला गेला, असं मी मुलांना सांगते. आधी जनावर नीट बघा. मग कागद समोर घेतलात की जनावराला जाऊ द्या. तुमच्याकडे जे उरेल ते काढा.

नवे चित्रपट जनावराला जाऊच देत नाहीत.

‘जंगल बुक’मधली एक गोष्ट मला यासाठी फार बोलकी वाटते. १९६७ च्या चित्रपटात माकडांचा राजा लुई हा ओरांगउटान आहे. किपलिंगच्या मूळ पुस्तकात असा राजाच नाही, आणि ओरांगउटान भारतात नसतात, ते बोर्निओ-सुमात्राचे. पण तो लांब हातांनी नाचायला लागतो तेव्हा कुणाला भूगोल आठवत नाही. २०१६ चा चित्रपट करताना मात्र सगळं खरं दिसणार होतं, त्यामुळे हा प्रश्न आला. मग त्यांनी लुईला जायगँटोपिथेकस केलं, लाखो वर्षांपूर्वी नामशेष झालेला महाकाय वानर. त्याच्या जवळच्या मानल्या गेलेल्या वानराचे जीवाश्म आपल्या उपखंडात सापडलेत, म्हणून तो चालतो. गाणाऱ्या माकडाला पुरावा लागला. चित्र एकदा का ‘हे खरं आहे’ म्हणून समोर आलं, की आपणही त्याला खऱ्याचे प्रश्न विचारतो. वाघ बोलायला लागला की मी त्याचे ओठ बघते. रेघेतल्या वाघाचे ओठ मी आयुष्यात कधी बघितले नाहीत.

आणि ते खरं तरी कुठलं? मोगलीचं रान म्हणजे सिवनीचं रान, आमच्या नागपूरहून जबलपूर रस्त्याने अडीच-तीन तासांवर. त्याच भागातलं पेंचचं जंगल दोन राज्यांत विभागलंय, आम्ही आमच्या बाजूने सिल्लारीच्या गेटमधून जातो. मी मे महिन्यात गेले होते. साग पूर्ण निष्पर्ण, जमिनीवर वाळलेल्या पानांचा खच, मोहाखाली अस्वलाने उकरलेली माती, आणि मधूनच कुलूची पांढऱ्याफटक खोडाची झाडं. दोन्ही चित्रपटांत आहे तसं हिरवंगार, वेली लोंबणारं रान तिथे पावसाळ्यातही फारसं नसतं. २०१६ च्या चित्रपटातलं रान तर लॉस एंजेलिसमधल्या एका बंद जागेत निळ्या पडद्यासमोर उभं केलेलं होतं.

त्याच सकाळी वाघीण दिसली. रस्ता ओलांडून गेली, वीस-पंचवीस पावलं असतील. जिप्सीतल्या सगळ्यांनी श्वास धरला होता. मी तिचा चेहरा बघितला. त्यावर काही नव्हतं. राग नाही, तोरा नाही, आमच्याबद्दल कुतूहल नाही. ती तिच्या कामाला चालली होती आणि तिच्या मनात काय आहे ते मला कळायचा काही मार्ग नव्हता. इतकं सुंदर काही मी क्वचितच पाहिलंय. पण ती शेरखान नव्हती. शेरखानाच्या मनातलं मला सगळं कळतं, कारण ते त्याच्या मनात कुणीतरी माणसाने घातलेलं असतं.

२०१६ चा ‘जंगल बुक’ बघायला मी बाबांना घेऊन गेले. तोवर त्यांचं काम बंद पडलं होतं. फ्लेक्स आले आणि चार वर्षांत बोर्ड गेले. काही दिवस त्यांनी गाड्यांच्या नंबरप्लेटा रंगवल्या, मग तेही संपलं. चित्रपटाला यायला ते तयार झाले ते नाना पाटेकरांसाठी. हिंदी आवृत्तीत तेवीस वर्षांनी पुन्हा शेरखान तेच होते. शिवाय बगीराला ओम पुरी, बल्लूला इरफान खान. आपल्याकडे तो अमेरिकेच्याही एक आठवडा आधी लागला होता.

मला तो चित्रपट आवडला, हे मी मनापासून सांगते. त्यात नील सेठी नावाचा खरा मुलगा आहे आणि तो आहे म्हणून सगळं धरून राहतं. नदीत तो बल्लूच्या पोटावर पहुडतो, तेव्हा ती ओली केसाळ कातडी आपल्यालाही हाताला जाणवते. पुढे या चित्रपटाला दृश्य परिणामांचं ऑस्करही मिळालं. त्या कामात बंगळुरूच्या कलाकारांचाही वाटा होता. माझा एक जुना विद्यार्थी अशाच एका स्टुडिओत काम करतो. सहा महिने तो फक्त जनावरांच्या केसांचं काम करत होता, त्याला ग्रूमिंग म्हणतात. कानामागचे केस भिजल्यावर कसे चिकटतात, हे जमायला त्याला तीन आठवडे लागले. त्याच्या मेहनतीपुढे मी मान झुकवते. त्यानेच मला एकदा फोनवर सांगितलं, “मॅडम, माझं काम चांगलं झालं तर ते कुणालाच दिसत नाही.” मला हे ऐकून गलबलून आलं होतं. मिल्ट कालचं काम चांगलं झालं तेव्हा ते चाळीस वर्षांनी मला दिसलं होतं.

शेरखान पडद्यावर आला तेव्हा मी बाबांकडे बघितलं. त्यांनी डोळे मिटले होते. मला वाटलं झोप लागली. पण ते ऐकत होते. नानांचा आवाज आला की डोळे मिटायचे, आवाज थांबला की उघडायचे. बाहेर पडल्यावर मी विचारलं, कसा वाटला? ते थोडं चालले आणि म्हणाले, “बनवला मस्त आहे वाघ. पण कोणी काढला नाही त्याला.”

‘लायन किंग’ २०१९ मध्ये आला, तेव्हा माझा मुलगा नऊ वर्षांचा होता. १९९४ चा मूळ चित्रपट त्याला मी आधीच दाखवला होता, दोनतीनदा. म्हणायला हा नवा चित्रपट ‘लाइव्ह अ‍ॅक्शन’, पण त्यात खरा कॅमेरा लावून घेतलेलं दृश्य एकच आहे, सुरुवातीचा सूर्योदय. बाकी गवताचं पातंन्‌पातं संगणकातलं. दिग्दर्शक जॉन फॅवरू आणि त्यांचे लोक डोळ्यांवर व्हीआरचे चष्मे चढवून त्या नसलेल्या आफ्रिकेत फिरले आणि कॅमेऱ्याच्या जागा ठरवल्या. गोल्डन ग्लोबमध्ये त्याला नामांकन मिळालं ते अ‍ॅनिमेशनपट म्हणून. म्हणजे एका अ‍ॅनिमेशनपटावरून दुसरा अ‍ॅनिमेशनपटच केला. फरक एवढाच की आपण अ‍ॅनिमेशनपट आहोत हे दुसऱ्याने लपवून ठेवलं. त्याने दीड अब्जाच्या वर डॉलर कमावले. मला त्या पैशाचं काही नाही. मला त्या लपवण्याचं दुःख आहे.

जुन्या चित्रपटात छोटा सिम्बा आपण राजा होणार म्हणून गातो, तेव्हा आकाश एकदम लाल-पिवळं होतं, जिराफ आणि हत्ती सपाट कागदी आकारांसारखे होतात, जनावरांची एकावर एक उतरंड लागते आणि टोकावर हे पिल्लू. ते आफ्रिकेतलं गवताळ रान नाहीच, ते नऊ वर्षांच्या पोराचं डोकं आहे. नव्या चित्रपटात त्याच गाण्यात दोन पिल्लं पाणवठ्यावरच्या जनावरांमधून धावतात. खऱ्या सिंहाची पिल्लं तशी धावत असतील. पण ते डोकं कुठे गेलं?

जुन्या चित्रपटात सिम्बाचा कपटी काका स्कार, त्याच्या भुवया अँड्रियस डेया या अ‍ॅनिमेटरने काढल्या होत्या. एक वर, एक खाली. नुसती एक भुवई उचलली की कळायचं, हा आता गोड बोलणार आणि घात करणार. नव्या स्कारला भुवया नाहीत, कारण सिंहाला नसतात. त्याचा चेहरा पेंचच्या वाघिणीसारखा आहे, खरा आणि बंद. वाघिणीचं ते बंद असणं मला वंदनीय वाटलं होतं. पण गोष्ट सांगायला आलेल्या पात्राने चेहरा बंद ठेवला, तर मी त्याच्यापर्यंत पोचू कशी?

मग तो प्रसंग आला. दरीतून चेंगराचेंगरी होऊन गेलीय, धूळ खाली बसतेय, सिम्बाचा बाप मुफासा मरून पडलाय. पिल्लू त्याला ढुसण्या देतंय, उठ म्हणतंय, आणि शेवटी त्याच्या पंजाखाली शिरून पडून राहतं. १९९४ च्या चित्रपटात त्या पिल्लाच्या भुवया मधोमध वर गेल्यात, डोळे भरलेत, आणि ते ज्या क्षणी पंजाखाली शिरतं त्या क्षणी मी प्रत्येक वेळी रडले आहे. इथे थिएटर गप्प होतं. पिल्लू अगदी खरं होतं, छातीवरचे केस वाऱ्याने हलत होते. मुलाने माझा दंड धरला आणि कुजबुजला, “आई, तो रडतोय का?”

मी हो म्हटलं. मुलाने पुन्हा पडद्याकडे बघितलं, डोळे बारीक करून, शोधत.

घरी आल्यावर तो जेवायच्या आधीच कागद घेऊन बसला. बाबा पलंगावर होते, तोवर त्यांचा उजवा हात कापायला लागला होता, चहाचा कप मीच धरायचे. अर्ध्या तासाने मुलगा चित्र घेऊन आजोबांकडे गेला. सिम्बा होता, एकटा. भुवया मधोमध वर गेलेल्या, तोंड थोडं उघडं, आणि डोळ्याच्या कडेला एक भलामोठा थेंब अडकवलेला.

बाबांनी चष्मा लावला. कागद उजेडाकडे धरला, तो हातात थरथरत होता म्हणून मग मांडीवर ठेवला. बराच वेळ बघितलं.

“कोणाचं बघून काढलं?”

“कोणाचंच नाही. पिक्चरमध्ये नव्हतं असं.”

“मग हा थेंब डोळ्याला चिकटवून काऊन ठेवला बेटा?” त्यांनी बोट गालावरून खाली नेलं, जबड्याच्या टोकापर्यंत. बोट कापत होतं, पण वाट अगदी बरोबर होती. “केव्हाचा रडतोय तो. इथपर्यंत आला असेल.”

मुलाने खोडरबर घेतलं, डोळ्याच्या कडेचा थेंब पुसला, आणि जबड्याच्या टोकाशी नवीन काढला.